किर्शनरचा तुटलेला हात: नक्कल करताना अडले आहे

रेघोट्या

चित्रं काढणाऱ्यांना आणि बघणाऱ्यांना एक विचारायचंय. प्रश्न जरा पसरट आहे, सांभाळून घ्या.

मी चित्रकार नाही, नक्कलकार आहे. वर्षाला एक चित्र निवडायचं आणि तैलरंगात मूळ मापाने उतरवायचं, असा नेम गेली काही वर्षं पाळतेय. विकायला नाही, कुणाला दाखवायलाही नाही. पुस्तकात दहा वेळा पाहिलेलं चित्र हाताखालून गेलं की त्यातला कंजूषपणा, उधळपट्टी, घाई सगळं कळतं, त्याची चटक लागलीय.

यंदा जर्मन चित्रकार अर्न्स्ट लुडविग किर्शनरचं १९१५ सालचं, म्हणजे पहिल्या महायुद्धातलं, 'सैनिकाच्या वेषातलं आत्मचित्र' घेतलं. माप साधारण ६९ बाय ६१ सेंटिमीटर, त्यामुळे घरच्या ईझलला झेपतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: निळ्या गणवेशातला एक लांबट, पिवळट चेहऱ्याचा माणूस, खांद्यावर ७५ आकडा. ओठात सिगारेट लोंबतेय. डोळ्यांत बाहुल्या नाहीत, गणवेशाचाच निळा डोळ्यांत भरलाय. मागे एक नग्न मॉडेल आणि कॅनव्हास, म्हणजे जागा त्याचीच, स्टुडिओची. आणि पुढे उचलून धरलेला उजवा हात, मनगटापाशी तुटलेला. रक्ताळलेलं थुटूक.

चेहरा जमला. गणवेश जमला. मॉडेल तर मजेत जमली. थुटूक मात्र तीनदा पुसलं. पहिल्यांदा मी वैद्यकीय फोटो पाहून काढलं, हाड-बीड दाखवून. ते खाटकाच्या दुकानातलं वाटायला लागलं. दुसऱ्यांदा छान गोलाईत रंगवलं, तर मेणबत्ती दिसली. तिसऱ्यांदा कशामुळे बिघडलं ते मलाच सांगता येत नाही.

मग लक्षात आलं की अडचण रंगाची नाहीये, मला त्या माणसाचा राग येतोय. किर्शनरचा हात कधीच तुटला नव्हता. तो आघाडीवर गेलाच नाही. लष्करी शिक्षणाच्या काळातच त्याची मनःस्थिती ढासळली आणि त्याला सोडून दिलं. आणि ज्या वर्षी हजारो पोरं खरोखर हात-पाय घालवून परत येत होती, त्या वर्षी हा आपल्या स्टुडिओत उभा राहून धडधाकट हाताने स्वतःचा तुटका हात रंगवतो! ही भावना म्हणायची की भावनेचा देखावा? तुम्ही हे चित्र कसं वाचता?

जुना खडू

रेघोट्या, तुमचा राग समजतो, पण आधी कागदपत्रं नीट लावून घेऊ.

किर्शनर स्वतःला 'अनिच्छेचा स्वयंसेवक' म्हणत असे. आपणहून नाव दिलं की तुकडी निवडता यायची, नाहीतर थेट पायदळात. म्हणून त्याने नाव दिलं आणि १९१५ च्या उन्हाळ्यात हालेमधल्या ७५ व्या तोफखाना रेजिमेंटमध्ये घोडे हाकायला शिकू लागला. तुमच्या खांद्यावरचा आकडा तो. काही महिन्यांत खचला. घोडेस्वारी शिकवणारा अधिकारी हान्स फेर, मूळचा कायद्याचा प्राध्यापक, चित्रांचा शौकीन, त्याने खटपट करून सुटका करवली. तिथून बर्लिनचा स्टुडिओ आणि मग कोनिगश्टाइनचं सॅनिटोरियम. व्हेरोनलच्या झोपेच्या गोळ्या, दारू, जेवण बंद. देखावा करणारा माणूस सहसा एवढी किंमत मोजत नाही.

दुसरं. या चित्राशेजारी त्याचंच १९१० चं 'मॉडेलसह आत्मचित्र' ठेवा, हँबुर्गच्या संग्रहालयात आहे ते. मांडणी तीच. पुढे चित्रकार, मागे मॉडेल. पण तिथे त्याने नारिंगी-निळ्या पट्ट्यांचा झगा घातलाय, तोंडात पाइप, आणि हातात हा भला मोठा ब्रश. कसला रुबाब! 'डी ब्र्यूके' या चित्रकारांच्या गटाचे दिवस. ड्रेस्डेनमध्ये वास्तुकला शिकणाऱ्या चार पोरांनी १९०५ मध्ये काढलेला गट, मॉडेलने दर पाऊण-एक तासाने नव्हे, पंधरा मिनिटांनी बैठक बदलायची असा खाक्या, म्हणजे हाताला विचार करायला सवडच मिळू नये.

आता १९१५ कडे या. पाइपच्या जागी सिगारेट, झग्याच्या जागी गणवेश, ब्रशच्या जागी काहीच नाही. ब्रश तर नाहीच, तो धरणारा हातही नाही. हे चित्र युद्धाबद्दल जितकं आहे त्याहून जास्त आधीच्या चित्राला दिलेलं उत्तर आहे. 'तो मी होतो, आता हा मी.' माझ्यापुरतं मला ते पुरतं.

तिरकस

खडूसर, मांडणी सुरेख, पण या गृहस्थाच्या तोंडून आलेल्या 'हा मी' वर इतका विश्वास टाकू नका.

हाच किर्शनर आपल्या चित्रांवर मागच्या तारखा टाकायचा, म्हणजे आपण इतरांच्या आधी तिथे पोचलो असं दिसावं. तुम्ही म्हणता ते १९१० चं चित्र त्याने १९२६ मध्ये पुन्हा हाताखालून घातलंय, म्हणजे तो पूर्वीचा रुबाब किती १९१० चा आणि किती नंतरच्या आठवणीचा ते तुम्हीच ठरवा. त्याहून कडी म्हणजे लुई द मार्साल! हा फ्रेंच समीक्षक १९२० पासून किर्शनरच्या कामाचं फार मर्मज्ञ कौतुक करायचा. असा कोणी माणूस नव्हता. किर्शनरच टोपणनावाने स्वतःवर लिहायचा, आणि १९३३ मध्ये बर्नच्या प्रदर्शनाच्या वेळी त्याने त्या बिचाऱ्याला मृत जाहीर करून टाकलं. स्वतःचा समीक्षक स्वतः जन्माला घालायचा आणि स्वतःच पुरायचा. मला तर हे त्याच्या सगळ्या चित्रांहून भारी वाटतं.

आणि तुलनाच करायची तर त्याच काळातला जर्मन चित्रकार ओटो डिक्स, त्याच्याशी करा. त्याचं १९१४ चं सैनिक म्हणून काढलेलं आत्मचित्र पाहा: मुंडण केलेलं डोकं, बैलासारखी मान, लालभडक फटकारे. पुढे तो खरंच मशिनगन घेऊन आघाडीवर राहिला, अनेकदा जखमी झाला. किंवा माक्स बेकमान, हाही जर्मन चित्रकार, त्याचं आत्मचित्र १९१५ चंच. लष्करी रुग्णसेवक म्हणून काम करून हाही कोसळला होता. पण चित्रात गळ्याशी रेड क्रॉसची खूण, चेहरा दमलेला, आणि गडी कामात. ज्यांनी जखमा उघड्या डोळ्यांनी पाहिल्या त्यांनी स्वतःचे हात तोडून दाखवले नाहीत. ज्याने पाहिल्या नाहीत त्याने दाखवले. रेघोट्याताईंचा राग मला शंभर टक्के पटतो.

रेघोट्या

तिरकस, तुम्ही माझ्या बाजूने बोलताय आणि मला बरं वाटण्याऐवजी मी किर्शनरची बाजू घ्यायला लागलेय, हे काय?

तारखा मागे ढकलणं आणि हात तोडून दाखवणं एका माळेत ओवता येईल असं वाटत नाही. तारीख खोटी घातली की पाहणारा फसतो. हात कोणाला फसवणार होता? त्याच्या ओळखीच्या प्रत्येकाला दिसत होतं की हात जागेवर आहे. एर्ना शिलिंग त्याच्यासोबत राहत होती, तिच्यासमोर तो त्याच हाताने सिगारेट पेटवत असणार.

डिक्सचं म्हणाल तर ते चित्र १९१४ चं, आघाडीवर जाण्याआधीचं. म्हणजे त्या बैलाच्या मानेनेही युद्ध पाहिलेलं नव्हतं. त्याने न पाहिलेल्या युद्धातला जोर रंगवला तर चालतं, याने न पाहिलेल्या युद्धातली भीती रंगवली की ढोंग? (हे मी स्वतःलाच विचारतेय, कारण कालपर्यंत मीच ढोंग म्हणत होते.)

तिरकस

डिक्सच्या तारखेचा मुद्दा मान्य. बेकमानचा शिल्लक आहे.

पांढरी शाई

मी लाकडी ठशांचं काम करते, त्यामुळे माझी नजर किर्शनरच्या वूडकटकडे आधी जाते. तिथून दोन गोष्टी.

एक: १९१५ मध्येच त्याने 'पेटर श्लेमील'च्या गोष्टीवर रंगीत ठशांची मालिका केली. शामिसो या लेखकाची जुनी गोष्ट आहे, १८१४ ची. एक माणूस संपत्तीच्या बदल्यात आपली सावली विकतो आणि मग सावली नाही म्हणून लोक त्याला माणसांत घेत नाहीत. विकलेली सावली आणि तुटलेला हात एकाच वर्षातले आहेत. शरीर धडधाकट, सगळे अवयव जागेवर, आणि तरी ज्याच्यामुळे आपण 'आपण' असतो तेवढंच नेमकं गेलेलं. ते 'गेलेलं' दाखवायचं कसं? नसलेली सावली काढता येत नाही. थुटूक काढता येतं.

दोन, आणि हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हातातली छिन्नी खाली ठेवली होती. चित्रानंतर दोन वर्षांनी त्याचे हात-पाय खरोखरच ऐकेनासे झाले. लकव्यासारखं. १९१७ च्या शरदात तो स्वित्झर्लंडमध्ये, क्रॉयत्सलिंगनला मनोविकारतज्ज्ञ लुडविग बिन्सवांगर यांच्या सॅनिटोरियममध्ये दाखल झाला आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथेच होता. आणि तिथेही तो ठसे कोरत होता, बिन्सवांगर यांचं डोकंसुद्धा कोरलंय. लाकूड कोरायला ब्रशपेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो. एक हात पाटी दाबून धरतो, दुसरा ढकलतो, घसरला तर पहिल्या हाताचं बोट गेलंच (माझ्या डाव्या अंगठ्याला विचारा). न ऐकणाऱ्या हातांनी त्याने ते निवडलं. चित्रातला हात म्हणजे भविष्यवाणी होती असं मी म्हणत नाही, तसल्या गोष्टी मला आवडत नाहीत. शरीराला आधी कळतं आणि नाव मागाहून मिळतं, एवढंच.

आता तुमच्या कॅनव्हासचं. तुमची नक्कल चकाकतेय का हो? जवसाचं तेल वापरलं असेल तर चकाकणारच. किर्शनर रंग बेन्झिनने पातळ करायचा आणि त्यात मेण घालायचा, त्याला पृष्ठभाग मॅट हवा असे, भिंतीच्या रंगासारखा. चकाकी आली की रक्त ओलं दिसतं, आणि ओलं रक्त म्हणजे आत्ताच झालेला अपघात. मॅट लाल हा नुसता रंग राहतो. माझा अंदाज, तुमचं तिसरं थुटूक याच्यामुळे फसलं.

आणि फोटो बघू नका. त्याने बघितले नव्हते. तुटलेल्या हाताचा तो लाल गणवेशावरच्या लालशी ताडून पाहा. मला तरी दोन्ही एका घरातले वाटतात. गणवेश जिथे संपतो तिथे माणूस सुरू होत नाही, गणवेशाचाच रंग पुढे चालू राहतो. डोळ्यांत निळा तसा हातात लाल.

जुना खडू

पांढरी शाई, 'डोळ्यांत निळा तसा हातात लाल' हे मी इतकी वर्षं ते चित्र बघून मला सुचलं नव्हतं. उचलतो, हरकत नसेल तर.

कडेकडेने

सगळे १९१५ मध्येच रेंगाळलेत म्हणून पुढचं थोडं. हे चित्र फ्रँकफर्टच्या संग्रहात होतं. १९३७ मध्ये नाझींनी जर्मन संग्रहालयांमधून किर्शनरची ६३९ कामं उचलली. म्युनिकच्या 'अधःपतित कला' प्रदर्शनात हे चित्र लावलं तेव्हा नाव बदललं होतं: 'वेश्येसोबत सैनिक'. आत्मचित्र हा शब्दच काढून टाकला. समोरचा माणूस कोण, हे सांगण्याचा त्याचा हक्क तेवढ्या एका पाटीने गेला. मॉडेलचंही तेच झालं, स्टुडिओत काम करणारी बाई होती ती.

त्याच वर्षी त्याला प्रशियन कला अकादमीतून काढलं. १५ जून १९३८ ला दावोसजवळच्या घरापाशी त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. चित्र आता अमेरिकेत ओहायोमध्ये, ओबर्लिन कॉलेजच्या संग्रहालयात आहे.

ओळख-बिळख म्हणून जे आपण बोलतोय ना, त्यात मला हातापेक्षा ती पाटी जास्त बोचते.

तिरकस

हे मात्र खरं. १९३७ च्या पाटीपुढे माझा मार्सालवरचा विनोद जरा स्वस्तच वाटतोय.

तरी एक सोडत नाही. शिल्पकार-चित्रकार केथे कोलवित्झचा मुलगा पेटर १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये बेल्जियममध्ये मारला गेला, अठराव्या वर्षी. आईबापांचं ते गुडघ्यांवर बसलेलं दगडी स्मारक पुरं व्हायला १९३२ उजाडलं, आणि आईच्या चेहऱ्यात तिने स्वतःचा चेहरा दिला. हेही आत्मचित्रच आहे, आणि त्यात थेंबभर रक्त नाही. एवढं थांबता येतं माणसाला. किर्शनरला थांबता आलं नाही.

पांढरी शाई

तिला थांबता आलं असं कशावरून म्हणता? त्या अठरा वर्षांत तिने त्याचे किती आराखडे केले आणि टाकून दिले. आपल्याला शेवटचा दिसतो. किर्शनरचा आपल्याला पहिला दिसतो, एवढाच फरक.

तिरकस

हं. बरं.

रेघोट्या

उशिरा येतेय, कारण मधल्या काळात रंग सुकत होता.

एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती. मुद्दाम नाही, तिचा इथे संबंध आहे असं वाटलंच नव्हतं. चार वर्षांपूर्वी माझं उजवं मनगट मोडलं. पायरी चुकले, हात टेकला, झालं. सहा आठवडे प्लास्टर. नंतर बोटं वळायची नाहीत, चहाचा कप धरला की त्याचा कान बोटांतून निसटायचा. त्या दिवसांत वेळ जाईना म्हणून मी डाव्या हाताने आरशात बघून स्वतःचं एक चित्र काढलं होतं. पेन्सिलीतलं, वेडंवाकडं. कडेकडेने यांची पोस्ट वाचल्यावर ते शोधून काढलं, जुन्या फाइलमध्ये होतं.

त्यात माझ्या हाताला प्लास्टर नाही.

हात चांगला धडधाकट आहे. पाची बोटं, नखंसुद्धा काढलीत. प्लास्टर आरशात समोर दिसत होतं, पांढरंफटक, मैत्रिणीने त्यावर मांजर काढलेलं, आणि मी ते काढलं नाही. ते टाळताना 'मी आता टाळतेय' असंही कधी वाटल्याचं आठवत नाही. चेहरा हसरा आहे वर.

म्हणजे हात मोडला होता तेव्हा मी शाबूत काढला, आणि याने शाबूत असताना तोडून काढला, आणि गेले तीन आठवडे खोटारडा मी त्याला म्हणतेय. तिरकस, तुमच्या मोजमापाने माझं चित्र संयमाचं ठरेल. तो संयम नव्हता हो. फक्त भीती होती, आणि ती मी मांजरासकट खोडून टाकली होती.

त्याच रात्री चौथ्यांदा थुटूक काढलं. फोटो बाजूला ठेवले. खांद्यावरच्या लालसाठी केलेलं मिश्रण पॅलेटवर उरलं होतं, तेच घेतलं, वेगळा 'रक्ताचा' लाल कालवला नाही. कातडीत थोडा हिरवट पिवळा, चेहऱ्यातलाच. गोलाई दिली नाही. सात-आठ फटकाऱ्यांत झालं, आणि या वेळी पुसलं नाही. चांगलं झालंय असं म्हणत नाही. पण आता ते मेणबत्तीही दिसत नाही आणि खाटकाचंही नाही. खोलीत येता-जाता नजर जाते आणि मी उजव्या हाताची बोटं एकदा मिटून उघडते, एवढं मात्र होतं.

जुना खडू, तुमचं १९१० चं चित्र पुढच्या वर्षी घ्यावं म्हणतेय, तोच रुबाबवाला. ते बरंच मोठं आहे, दीड मीटर उंच, ईझल बदलावा लागेल.

पांढरी शाई, मेणाचं प्रमाण काय ठेवता? मी अंदाजाने घातलं तर रंग गोळा झाला, पुन्हा पातळ करावा लागला. आणि बेन्झिनऐवजी टर्पेन्टाइन चालेल का? खोलीला एकच खिडकी आहे.

पांढरी शाई

बेन्झिन नकोच, एका खिडकीत तर मुळीच नको. टर्पेन्टाइन चालेल, पण खिडकी उघडी पाहिजे आणि आसपास ज्योत नको. मधमाशीचं मेण गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून वितळवा, थेट आचेवर नाही. वाटी बाहेर काढून, शेगडी बंद करून मग त्यात टर्पेन्टाइन घाला. थंड झालं की लोण्यासारखं मऊ व्हायला हवं. रंगाच्या ढिगाला सुरीच्या टोकावर मावेल एवढंच घेऊन नीट घोटा. जास्त झालं की गोळा होतो, तुमचा झाला तसा.

आणि ते प्लास्टर नसलेलं चित्र फाइलमध्ये परत ठेवू नका.